मोगरीची पेटी

नवी होडी पाण्यात लोटताना आपले कोळी नारळ वाढवतात. इंग्लंडच्या आरमारात नव्या जहाजावर दारूची बाटली फोडतात. पूर्वी तिथे आणखी एक वस्तू लागे. ती म्हणजे कोरीव लाकडी पेटी.

पेटीत काय असे? एक मोगरी आणि एक पटाशी. सुताराचीच हत्यारे! त्यांनी पाहुण्याने एक दोरी तोडायची. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा हसलो. दोरी तोडायला एवढा थाट?

पण ती दोरी साधी नव्हे. बांधलेले जहाज उतरणीवर उभे असते. खाली आधार लावून ते अडवलेले असते. दोरीला जड वजने टांगलेली असत. दोरी तुटली की वजने पडत आणि शेवटचे आधार उडवत. मग जहाज आपल्याच भाराने सरसर पाण्यात जाई.

पाहुणा म्हणजे राजा, राणी, नाहीतर कोणी मोठ्या घरची बाई. त्यांच्या हाती हत्यारे उघडी कशी द्यायची? म्हणून गोदीतले कारागीर पेटी घडवत. तिच्यावर नांगर, दोरखंड, जहाजे कोरत. काम झाले की पेटी पाहुण्याला भेट देत.

१० फेब्रुवारी १९०६ रोजी पोर्टस्मथ बंदरात सातव्या एडवर्ड राजाने ‘ड्रेडनॉट’ ही लढाऊ नौका पाण्यात सोडली. बाटली पहिल्या फटक्याला काही फुटेना! मोगरी मात्र खास होती. तिचे लाकूड ‘व्हिक्टरी’ या जुन्या जहाजाचे. त्याच जहाजावर १८०५ साली सेनापती नेल्सन लढता लढता पडला होता.

‘ड्रेडनॉट’ १९२३ साली भंगारात निघाली. अशा पेट्या मात्र तिकडच्या संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात.