पोर सहावीत गेली, आता एवढं ध्यानात ठेव

लेकी, तुझी थोरली यंदा सहावीत गेली. एखादी जिवाभावाची मैत्रीण आता दुरावेल, आणि कुणीतरी आवडायलाही लागेल. अशा वेळी घरातली मोठी माणसं एकतर हसतात, नाहीतर ओरडतात. तू दोन्ही करू नकोस. माझ्या आईकडून मिळालेलं आणि पुढे मला उमगलेलं, असं सगळं तुला सांगते.

मैत्री का सुटली, ते आधी बघ. आपल्या कर्जत-खालापूरकडे पोरांची मैत्री भांडणापेक्षा शाळेच्या वाटेमुळे जास्त सुटते. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा पुष्कळदा चौथीलाच संपते. मग एक कर्जतच्या हायस्कुलात जाते, दुसरी खोपोलीच्या इंग्रजी शाळेत आणि तिसरी आश्रमशाळेत राहायला. कातकरवाडीतली कितीतरी मुलं दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहिलेल्या पोरीला मात्र वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तिला सांग, चूक कुणाचीच नाही, वाटा बदलल्या. नुसतं सांगून थांबू नकोस, भेट घडवून आण. गौरी-गणपतीला, गावच्या जत्रेला त्या मैत्रिणीला घरी बोलाव. भट्टीवर जाणाऱ्यांचा फोन नंबर आधीच लिहून घे.

कट्टीत मोठ्यांनी पडू नये. तिघींत एक बाहेर पडणं या वयात चालतंच. तू दुसरीच्या आईशी भांडलीस, तर मुली चार दिवसांत एक होतील आणि तुम्ही दोघी वर्षभर बोलणार नाही. पण पोर रोज एकटीच डबा खात असेल, पोट दुखतंय म्हणून शाळा टाळत असेल, जातीवरून, रंगावरून, वाडीवरून तिला कुणी हिणवत असेल, तर ती कट्टी नाही, छळ आहे. मग उशीर न करता वर्गशिक्षकांना जाऊन भेट. आणि आपलीच पोर कुणाला हिणवत असेल, तर तितक्याच तातडीने तिला समज दे.

आवडलं तर आवडू दे. मुली साधारण ८ ते १३ आणि मुलगे ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान वयात यायला लागतात. अंग बदलतं तसं मनही बदलतं. पाळीबद्दल आधीच सांगून ठेव, म्हणजे पुढचंही ती तुलाच विचारेल. वहीच्या शेवटच्या पानावर एखादं नाव दिसलं, तर एवढंच विचार, ‘काय आवडतं गं तुला त्याचं?’ मग ऐकत राहा. जोडी लावून चिडवू नकोस, आत्या-मामीला फोनवर सांगू नकोस. गुपित एकदा फुटलं की दुसरं तुझ्यापर्यंत येणार नाही. आणि आवडत्या मुलाला धाकाने राखी बांधायला लावणं सोडा. राखी मायेने बांधायची असते, शिक्षा म्हणून नाही.

शाळा बंद करायची नाही. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच. एखादी चिठ्ठी सापडते, गावात नाव निघतं आणि पोरीला घरी बसवतात. मग स्थळं बघायला लागतात. अठराच्या आत मुलीचं लग्न कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तो अन्यायच असता. कोवळ्या वयातल्या आवडीची किंमत पोरीने शिक्षण गमावून का मोजायची?

मुलालाही शिकव. धाकट्याला समजू दे की समोरचीने नाही म्हटलं म्हणजे नाही. खोपोली लोकलला पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी मोजकीच स्टेशनं, रोज तेच चेहरे. तिथे मित्रांनी नावाने हाका मारल्या, कुणी मुद्दाम मागे येऊन बसलं, तर त्या मुलीला टाळायला जागाच उरत नाही. यात मर्दुमकी नाही, हे बापाने स्वतः सांगायला हवं. आणि नकाराने त्याला रडू आलं, तर रडू दे.

‘कुणाला सांगू नकोस’ म्हणणाऱ्यापासून जप. बरोबरीच्या मुलाची आवड वेगळी आणि मोठ्या माणसाची सलगी वेगळी. फोटो मागणारा, भेटवस्तू देऊन गप्प बसवणारा ओळखीतला, नात्यातला असला, तरी भीड धरू नकोस. २०१२ चा पॉक्सो कायदा अठराच्या आतल्या मुली आणि मुलगे दोघांनाही संरक्षण देतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पोरांकडून पाठ करून घे. रात्री मोबाइल त्यांच्या अंथरुणात नको, स्वयंपाकघरात राहू दे.

बोलणं काम करताना निघतं. समोर बसवून विचारलंस तर ‘काही नाही’ एवढंच ऐकशील. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, एसटीची वाट बघताना पोरं आपसूक बोलू लागतात. तेव्हा घाईने उपदेश करू नकोस. ती सांगेल ते पुरतं ऐक आणि मग विचार, ‘मी काही करू, का नुसतं ऐकू?’ ती म्हणेल तसं वाग. मोठं काही घडल्यावर तिने तुझ्याकडे यावं असं वाटत असेल, तर आज तिचं बारीकसारीक बोलणंही मन लावून ऐक.