शंकरपाळी किती अरुंद होऊ शकते?

पहिली सातही झाकणं भंगारात गेली. रोह्याजवळ धाटाव एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेसवाल्याकडे मी काम घेतलं होतं. काचेच्या धाग्यांच्या विणलेल्या कापडात पॉलिप्रॉपिलीन मुरवलेली शीट तापवायची आणि साच्यात दाबून अर्धगोल झाकण काढायचं. पॉलिप्रॉपिलीन आपल्याला परकं नाही. पेणहून रोह्याला जाताना लागणाऱ्या नागोठण्यातल्या पेट्रोकेमिकल संकुलात तेच बनतं. त्यामुळे माल ओळखीचा आहे, असं मी धरून चाललो.

प्लॅस्टिक ताणलं जातं, काचेचा धागा ताणला जात नाही. मग सपाट कापड गोलावर बसतं कसं? उभ्या-आडव्या धाग्यांमधला काटकोन मोडतो, चौकोनाची शंकरपाळी होते. ती अरुंद होत गेली की शेजारचे धागे एकमेकांना भिडतात आणि कापड वर उठून चुणी पडते. चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाने 1878मध्ये पॅरिसला कपडे बेतण्यावर व्याख्यान दिलं, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

माझ्याकडे त्याच जातीच्या गणिताचा प्रोग्राम होता. कापड म्हणजे सांध्यांना खिळलेली जाळी, असं तो मानतो. त्याने सांगितलं, काठाजवळ, धाग्यांच्या तिरप्या दिशेला, काटकोन 47 अंशांनी कमी होईल. एका तक्त्यात मर्यादा 55 दिली होती. झालं, मी साचा कापायला दिला. तक्ता ट्विल विणीचा होता आणि माझं कापड साध्या विणीचं, हे मी पाहिलंच नाही. साधी वीण लवकर अडते. चुण्या नेमक्या त्या चार तिरप्या जागी आल्या.

मग घाबरून शीट धरणारी रिंग आवळली. चुण्या कमी झाल्या, पण खांद्यावर धागे तुटले. ताण दिला की चुणी उशिरा पडते हे खरं, म्हणून मर्यादेचा कोन हा काही कायदा नाही. पण तो ताण शेवटी धाग्यालाच सोसावा लागतो. रिंगऐवजी कडेला स्प्रिंग लावल्यावर बरंच जमलं.

जाळीच्या गणिताला उष्णता कळत नाही, हे मला सर्वांत उशिरा उमगलं. पॉलिप्रॉपिलीन 165 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. आम्ही शीट 200पर्यंत तापवायचो, पण भट्टी प्रेसपासून दहा पावलं लांब! पातळ शीट तेवढ्यात कडेने थिजायची, धागे वळायला नाही म्हणायचे. प्रेस फार जोरात आणली तरी तेच, कारण वितळलेलं प्लॅस्टिक वेगाला विरोध करतं. भट्टी प्रेसला चिकटवली, त्या दिवशी निम्मा त्रास संपला.

तुम्ही हे काम करणार असाल तर साचा कापण्याआधी स्वतःच्या कापडाची पट्टी ओढून बघा. शिंपी ज्याला उरेब म्हणतात तशी, 45 अंशांत कापलेली, रुंदीच्या निदान दुप्पट लांब. कामाच्याच तापमानाला ओढा, थंड नव्हे. मधल्या भागातला कोन मोजा, काठांकडचा नको. आणि एकाच पट्टीवर विसंबू नका. 2008मध्ये जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याच त्या कापडांच्या चाचण्यांचे आकडे ताडून पाहिले, तेव्हा कापड कसं पकडलं यावरही ते हलत होते.

पेणजवळच्या हमरापूरच्या गणपती कारखान्यात खरं धोतर नेसवणाऱ्या बाईंना मी एकदा विचारलं होतं, पोटावर कापड एवढं सपाट कसं बसतं? "उरेब फिरवायचं, नाही बसलं तर खाच द्यायची," म्हणाल्या. काचेच्या कापडालाही जिथे भार येणार नाही तिथे खाच चालते. सात झाकणांच्या आधी विचारलं असतं तर?

त्यातलं तिसरं झाकण मी ठेवलंय. शीटवर दाबण्याआधी चांदी रंगाच्या मार्करने चौकोन आखले होते, ते आता शंकरपाळ्या होऊन दिसतात. नवा मुलगा आला की त्याच्या हातात ते झाकण आणि शाळेतला कोनमापक देतो.