एका सैल जेटची गोष्ट

कार्बुरेटर आपण सगळेच पाठ करतो. फ्लोट, व्हेंचुरी, मेन जेट अशी नावं टाकून आकृती काढली की मार्क पक्के! पण ते जेट सैल झालं तर काय होतं? या प्रश्नाचं उत्तर मला एका विमान अपघाताच्या चौकशीत सापडलं, म्हणून हा लेखप्रपंच.

५ मार्च २०१५. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून अभिनेता हॅरिसन फोर्ड (आपला 'इंडियाना जोन्स'!) एकटाच विमान घेऊन निघाला. विमान होतं १९४२ सालचं रायन पीटी-२२, पाच सिलिंडरच्या रेडियल इंजिनाचं. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० फुटांवर इंजिनाची ताकद गेली. त्याने ताशी ८५ मैल वेग राखला आणि डावीकडे वळून धावपट्टीकडे परत निघाला.

आता थोडं गणित करू. विमानतळाची उंची १७७ फूट, म्हणजे हाताशी उरले ९०० फूट. समजा, विमान १ फूट उतरताना ८ फूट पुढे सरकतं. मग सरळ रेषेत ७२०० फूट, म्हणजे जेमतेम सव्वादोन किलोमीटर मिळतात. त्यात वळणही उंची खातं. ४५ अंश कलून, उंची राखत वळताना पंखांवरचा भार १.४१ पट होतो आणि स्टॉल स्पीड १९ टक्क्यांनी वाढतो. धावपट्टी गाठता येणार नाही हे फोर्डच्या लक्षात आलं. विमान एका उंच झाडाच्या शेंड्याला घासून गोल्फ मैदानावर आदळलं. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने इंजिन उघडलं, तेव्हा कार्बुरेटरचं मेन जेट आट्यांतून सुटून ९० अंशांत फिरलेलं सापडलं. त्यामुळे पेट्रोल प्रमाणाबाहेर जाऊ लागलं. पेट्रोल जास्त तर ताकद जास्त, असं वाटतं ना? पण १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १५ किलो हवा लागते. हवा तेवढीच आणि पेट्रोल खूप, अशी गत झाली की मिश्रण धड पेटतच नाही.

मला खरा धक्का बसला तो पुढे. कार्बुरेटर सुमारे १७ वर्षांपूर्वी, विमानाच्या दुरुस्तीच्या वेळी नव्याने बांधला होता. जेट हळूहळू सैल होत गेलं असावं. आणि ते अधूनमधून तपासावं, अशी सूचना मेंटेनन्सच्या कागदपत्रांत नव्हतीच! खांद्याचे पट्टेही सीटच्या पातळ अॅल्युमिनियम पाठीला मजबुतीशिवाय जोडलेले होते, त्यामुळे इजा वाढली असावी असं चौकशीत म्हटलं आहे.

मशीन डिझाइनमध्ये चेकनट, स्प्रिंग वॉशर, स्प्लिट पिन आपण दोन मार्कांसाठी लिहितो. व्हायब्रेशन असेल तिथे आटे सुटणारच, म्हणून ही सगळी मंडळी आहेत. ती बसवायची सोय नसेल, तर 'दर इतक्या तासांनी घट्ट आहे का पाहा' ही एक ओळ तरी मॅन्युअलमध्ये हवी. उद्या ती ओळ लिहिण्याचं काम आपल्यातल्याच कुणाकडे येईल. वाचणारा मेकॅनिक आपण लिहिलंय तेवढंच तपासेल, हे तेव्हा लक्षात असू द्या.