पिनबॉलची फळी आणि घासण्याची सवय

स्वच्छतेची आपली कल्पना तांब्यापितळेच्या भांड्यांवर घडलेली आहे. चिंच आणि मीठ लावून तांब्याचा हंडा घासला की वरचा काळपटपणा जातो आणि खालून पुन्हा तांबंच निघतं. भांडं आरपार एकाच धातूचं असल्यामुळे जितकं घासावं तितकं ते उजळतं. जुनं पिनबॉल मशीन नीट करायला घेणाऱ्याच्या हाताला हीच सवय असते. गंज, दमट तळघर आणि उंदीर यांच्या तावडीतून सुटलेल्या किती तरी मशीनची शोभा या सवयीपायी गेली आहे. पिनबॉलची फळी कल्हई लावलेल्या पातेल्याच्या जातीची आहे: वर पातळ थर आणि त्याखाली भलतंच काही. पातेलं आतून खसाखसा घासलं की कल्हई उडते आणि मग आंबट आमटी कळकते, हे आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक होतं. तेच शहाणपण इथे वापरावं, असं माझं म्हणणं आहे. एखादं द्रव, पॉलिश किंवा फडका मळ किती काढतो हे बघण्याआधी तो कुठला थर काढतो आणि त्या थराखाली काय आहे, हे बघावं.

गॉटलीब, बॅली आणि विल्यम्स या शिकागोच्या कारखान्यांनी विसाव्या शतकात या मशीनचा मोठा भाग बनवला. 1947 साली गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त पहिल्यांदा फ्लिपर आले आणि चेंडू परतवून खेळण्याचा आजचा खेळ सुरू झाला. चेंडू फिरतो ती फळी, म्हणजे प्लेफील्ड, मॅपलच्या प्लायवूडची. तिच्यावर एकेक रंग स्क्रीन प्रिंटिंगने छापलेला आणि वरून लॅकरचा हात. दिव्यांवरचे रंगीत प्लॅस्टिकचे तुकडे फळीत खाचा पाडून चिकटवलेले असतात. सुमारे 27 मिलिमीटर व्यासाचा, 80 ग्रॅम वजनाचा पोलादी चेंडू या चित्रावरून वर्षानुवर्षं धावतो. 1990च्या सुमारास विल्यम्सने फळीवर पॉलियुरेथेनचा जाड, कडक थर द्यायला सुरुवात केली. त्या फळ्या बऱ्याच सोसतात. त्याआधीच्या लॅकरला मात्र बारीक चिरा गेलेल्या असतात, विशेषतः प्लॅस्टिकच्या तुकड्यांच्या कडेने. फळीवर दिसणारे काळे फराटे म्हणजे या चिरांत आणि ओरखड्यांत बसलेली भुकटी: कॉइलमधल्या दांड्यांच्या झिजेची, रबरी कड्यांची आणि जुन्या मेणाची. मळ पृष्ठभागाच्या आत आहे. तो पूर्ण काढायचा तर पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो, आणि तिथे आधीच शाई लागलेली असते.

म्हणून सामानाची निवड सौम्याकडून कठोराकडे करावी आणि प्रत्येक पायरीवर थांबायची तयारी ठेवावी. आधी मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने सुटी भुकटी काढावी. ती तशीच ठेवून वरून फडका फिरवला तर तीच पॉलिश पेपरचं काम करते. त्यानंतर जुनं मेण आणि तेलकटपणा काढायला नॅप्था उत्तम, कारण ते लाकूड फुगवत नाही आणि लॅकरला सहसा त्रास न देता उडून जातं. तरी चित्राच्या झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात आधी थेंबभर लावून बघावंच. रबरी कड्या आधी उतरवाव्यात, कारण नॅप्थाने रबर फुगतं. ते पेट घेणारं आहे, तेव्हा मशीनची पिन भिंतीतून काढलेली हवी आणि खिडक्या उघड्या हव्यात. पाणी मात्र फळीपासून लांब ठेवावं. लॅकरच्या चिरेतून आत गेलेला थेंब लाकडाचे तंतू फुगवतो आणि वरची शाई पोपडा धरून उठते. ओलसर फडक्याने काय होणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण फडका ओलसर आहे की ओला हे चीर ठरवते, आणि जुन्या फळीवरच्या सगळ्या चिरा डोळ्यांना दिसत नाहीत.

यानंतर घासणाऱ्या वस्तू येतात. नोव्हस नावाचं प्लॅस्टिकचं पॉलिश या कामात सर्रास वापरतात आणि त्याच्या तीन बाटल्या असतात. एक नंबर नुसतं पुसण्याचं, दोन नंबरमध्ये बारीक घर्षककण, तीन नंबरमध्ये भरड. दोन नंबर कडक पॉलियुरेथेनवर आणि सुट्या प्लॅस्टिकच्या दर्शनी बाजूवर सुरेख काम करतं. जुन्या लॅकरवर तेच दरवेळी थोडं थोडं लॅकर खातं. तीन नंबर छापील फळीच्या जवळही आणू नये. मेलामाइन फोमचा पांढरा स्पंज, जो मॅजिक इरेझर म्हणून विकला जातो, तो तर सरळ सरळ अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे. हाताला मऊ लागतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून फळी घासण्याची रीत पिनबॉलवाल्यांत रूढ आहे. अल्कोहोल जुनं लॅकर मऊ करू शकतं आणि फोम ते खरवडतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की ही रीत वापरून काळे फराटे खरोखर जातात आणि फळी नव्यासारखी दिसते. दिसते, हे मला मान्यच आहे. ज्याला लगेच वरून नवा क्लिअरकोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, मारायचा आहे आणि तो मारण्याची साधनं व हात ज्याच्याकडे आहेत, त्याच्यासाठी ही रीत योग्यही आहे, कारण गेलेला थर तो परत देणार असतो. पण बहुतेकजण घासून झाल्यावर मेण लावून खेळायला लागतात. आता शाईवर पुरेसं लॅकर उरलेलं नसतं आणि चेंडू थेट चित्रावर धावतो. साफ केल्याच्या दिवशीच्या छायाचित्रात हा फरक येत नाही. तो काही शे खेळांनंतर फ्लिपरच्या समोर आणि खाचांच्या तोंडाशी उघड्या लाकडाच्या रूपात येतो. थोडे काळे फराटे राहिलेली, पण चित्र शाबूत असलेली फळी मला दहापट मोलाची वाटते.

मेणाबद्दलही हेच डोळस धोरण हवं. शुद्ध कार्नोबा मेण साधारण 82 ते 86 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे मेणांमध्ये ते कडक. पातळ हात देऊन पुसून घेतलं की चेंडू आणि लॅकर यांच्यात झिजण्यासाठी एक परत तयार होते, आणि झिजली की ती पुन्हा देता येते. पिनबॉलवर हवा तेवढा पुन्हा लावता येणारा हा एकमेव थर, म्हणून त्याच्यावर कंजुषी करू नये. फक्त गाडीसाठीच्या ‘क्लीनर वॅक्स’च्या डब्यात बहुधा घर्षककण असतात आणि अनेक चमकदार पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. सिलिकॉन चिरांत उतरलं की पुढे रंगाची डागडुजी किंवा क्लिअरकोट करताना तिथे रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. चेंडू तर पॉलिश करूच नये. खड्डे पडलेला चेंडू फळीचा शत्रू आहे. नवा चेंडू या सगळ्या सामानात स्वस्त पडतो.

बॅकग्लासवर, म्हणजे उभ्या डोक्यातल्या चित्रमय काचेवर, मला थोडं थांबायचं आहे, कारण तिथली चूक सुधारता येत नाही. चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं आणि मागून दिव्यांच्या उष्णतेने ते वर्षानुवर्षं भाजत असतं. 44 नंबरचा दिवा 250 मिलिअँपिअर वीज ओढतो, 47 नंबरचा 150. म्हणून कमी तापणारा 47 किंवा एलईडी लावणं हीसुद्धा सफाईइतकीच निगा आहे. समोरची बाजू थोडा काचेचा क्लीनर फडक्यावर घेऊन पुसावी, काचेवर फवारू नये, नाही तर ओघळ कडेने मागे जातो. मागच्या बाजूला द्रव नाही, फडका नाही, मऊ ब्रशही नाही. रंगाची कड सुटलेली असेल तर ब्रशचा एक केस पुरतो.

घासणं जिथे योग्य आहे अशाही जागा या मशीनमध्ये आहेत. उघड्या पोलादाचे भाग आणि स्क्रू अक्रोडाच्या टरफलांच्या भरड्यात, थरथरणाऱ्या टंबलरमध्ये घालून छान उजळतात. जस्ताचा मुलामा असलेले भाग मात्र त्यात फार वेळ ठेवू नयेत, मुलामा गेला की गंज चढतो. स्टीलवूल तर मशीनच्या आसपासही नको. त्याचे तुकडे तारांत पडून शॉर्ट करतात. फ्लिपरच्या जोरदार विजेच्या स्विचवर टंगस्टनची टोकं असतात, ती कानशीने साफ करावीत. सॉलिड स्टेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या, मशीनच्या कमी विजेच्या स्विचना मात्र सोन्याचा मुलामा असतो. तिथे कानस म्हणजे त्या स्विचचा शेवट. त्यांच्यासाठी साधं व्हिजिटिंग कार्ड टोकांमध्ये धरून ओढलं की पुरे. कॉइलच्या नळीत तेल किंवा डब्ल्यूडी-40 घालू नये, ती कोरडीच चालते. तेल भुकटी धरून चिकट राळ करतं. पाझरलेल्या अल्कलाइन बॅटरीने खाल्लेला बोर्ड बाहेर काढून पातळ व्हिनेगरने, मग पाण्याने, मग आयसोप्रोपिलने धुवावा, कारण तो मळ अल्कली आहे आणि तो तिथेच राहिला तर तांब्याच्या रेषा खात राहतो. इथे हयगय हाच धोका.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मशीन खेळण्यासाठी आहे, आणि बऱ्याच गाजलेल्या मशीनच्या नव्या फळ्या आता पुन्हा छापून मिळतात, मग एवढी जपणूक कशाला? गाजलेल्या मशीनपुरतं हे खरं आहे. 1992च्या ‘द अॅडम्स फॅमिली’ची 20,270 मशीन्स बनली, तिच्या सुट्या भागांना गिऱ्हाईक आहे. साठच्या दशकातल्या, थोड्याच संख्येने निघालेल्या मशीनच्या फळीसाठी कुणी नवे स्क्रीन बनवत बसत नाही. कल्हई उडाली की पूर्वी कल्हईवाला दारात येऊन ती पुन्हा लावून द्यायचा. या छपाईला तसा कल्हईवाला नाही. शिवाय खेळणं आणि जपणं यांत विरोधही नाही, मेण लावलेल्या फळीवर चेंडू वेगाने पळतो.

काम करताना पांढरा सुती फडका वापरावा आणि दर दोन मिनिटांनी तो उलटून बघावा. करडा किंवा काळा डाग पडत असेल तोवर मळ निघतो आहे. पिवळसर छटा आली तर लॅकर निघायला लागलं आहे. लाल किंवा निळा ठिपका दिसला की त्याच क्षणी हात उचलावा, ती जागा कोरडी करावी, आणि तिथे उरलेला मळ तसाच ठेवून त्यावर मेण लावावं.