ठोकलेल्या गाडीचा भाव

बुलढाणा

चि. बाळू यास,


तुझं पत्र मिळालं. मलकापूरच्या व्यापाऱ्याने गाडीला एक चक्कर मारली, डिकी उघडून खालची चटई उचलली, "ठोकेल हाय, दादा" एवढंच म्हणाला आणि पाच लाखांच्या गाडीतून सव्वा लाख तोडले, हे वाचून मला नवल वाटलं नाही. तुझा राग मात्र चुकीच्या माणसावर आहे. त्याने त्याचा धंदा केला. तू त्याच्यापुढे नुसती गाडी उभी केलीस. दुरुस्तीआधीचे फोटो नाहीत, बिल नाही, सर्वे रिपोर्ट नाही. मग त्याने वाईटात वाईट काय असेल ते धरलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आता तुझा मुद्दा. पॉलिसीवर गाडीची किंमत ४,२०,००० लिहिली आहे, मग तो ३,७५,००० कसे म्हणतो, असं तू विचारतोस. पॉलिसीवरचा तो आकडा, ज्याला आयडीव्ही म्हणतात, बाजाराचा नाहीच. कंपनीची आजची यादीतली किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरलेली घट वजा करायची, एवढाच तो हिशेब आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. तुझ्या गाडीला चौथं वर्ष चालू आहे. यादीत तिची किंमत सात लाख, त्यातून ४० टक्के गेले की ४,२०,००० उरतात. गाडी किती चालली, टायर कसे आहेत, तुमच्या भागात त्या मॉडेलला गिऱ्हाईक आहे की नाही, यातलं काही त्या आकड्याला ठाऊक नसतं. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर विमा कंपनी किती देणार हे सांगण्यापुरता तो आहे. म्हणून भाव करताना पॉलिसीतला आकडा पुढे करू नकोस. उलट पॉलिसी त्याच्या हातात गेली की तो आधी नो क्लेम बोनसचा रकाना बघेल. एकही क्लेम न घेतलेल्या चार वर्षांच्या गाडीला तिथे ४५ टक्के दिसायला हवेत. पुढच्या नूतनीकरणात तुझ्या रकान्यात शून्य येईल, आणि ते शून्य वाचायला व्यापाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

मग खरा भाव कसा काढायचा? आधी गाडीला नेमकं काय लागलं ते ठरव. आपल्याकडे 'अ‍ॅक्सिडेंटल' या एका शब्दात बंपर खरचटलेली गाडीही येते आणि समृद्धी महामार्गावर दुभाजकावर चढलेलीही. दोघींना एकाच मापाने मोजणं हा अन्याय आहे, आणि सगळं नुकसान याच घोळात होतं. जपानमध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारात याची रेघ स्पष्ट आखलेली आहे. बंपर, बोनेट, दरवाजे, पुढचे फेंडर हे बोल्टने बसवलेले भाग बदलले तरी ती गाडी तिथे 'दुरुस्तीचा इतिहास असलेली' ठरत नाही. पण सांगाड्याला, म्हणजे पिलर, मेंबर, फ्लोअर, छत यांना हात लागला की ती त्या वर्गात जाते आणि भाव उतरतो. आजच्या छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. जोडलेल्या पत्र्याचा सांगाडा हीच त्यांची चेसिस, म्हणून ही रेघ आपल्यालाही पटावी अशीच आहे.

अमडापूरजवळ त्या पिकअपने तुला मागून ठोकलं. बंपर, डिकीचा दरवाजा, दोन्ही टेललाइट हे सगळे बोल्टवरचे किंवा नुसते बसवलेले भाग, त्यांची चिंता सोड. तू कळवतोस त्याप्रमाणे मागचं पॅनेलही कापून नवीन लावलं. ते वेल्डिंगचं काम आहे, पण तेही मी फार मनावर घेणार नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. डिकीचा फ्लोअर आणि त्याखालून जाणारे दोन लांब मेंबर, यांना ओढून सरळ करावं लागलं का? व्यापाऱ्याने चटई उचलली ती उगाच नाही. फ्लोअरच्या पत्र्याला सुरकुती आहे का, स्टेपनीच्या खड्ड्याचा आकार जागच्या जागी आहे का, कडेने भरलेलं सीलर कारखान्यातल्यासारखं एकसारखं आहे की बोटाने लावलेलं, हे त्याला बघायचं होतं. तूही बघ. डाव्या बाजूशी उजवी ताडून बघितलीस की निम्मं आपोआप कळेल.

रंगाचंही तेच. पेंटची जाडी मोजणारं छोटं यंत्र अकोल्याच्या बऱ्याच डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे असतं. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनचा. दोनदा रंगवलेला पत्रा त्याच्यावर जातो, आणि खाली पुट्टी भरलेली असेल तर आकडा कित्येक शेकड्यांत जातो. यंत्र मिळालं नाही तर साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरव. जाड पुट्टीवर ते धरत नाही. मग चारही चाकांचं अलाइनमेंट करून त्याची छापील पावती घे. मागची चाकं मापात असतील तर मेंबर सरळ असल्याचा तो चांगला पुरावा आहे, तोंडी शंभर शपथांपेक्षा चांगला. मागून बसलेल्या धक्क्यात एअरबॅग बहुधा उघडत नाहीत, तरी चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते पाहा. दिवा लागतच नसेल तर कुणीतरी वायरिंगशी खेळलं आहे.

आता कागद. विमा कंपनीकडे लेखी अर्ज करून सर्वेअरच्या अंतिम अहवालाची प्रत माग. ती मागणं तुझा हक्क आहे. त्यात कुठला भाग बदलला, कुठला दुरुस्त केला, हे ओळीने लिहिलेलं असतं आणि दुरुस्तीआधीचे फोटो जोडलेले असतात. मी इतकी वर्षं असे अहवाल लिहिले, आणि सांगतो, क्लेमचा पैसा खात्यात आला की हा कागद कुणी मागतही नाही. गाडी विकायच्या वेळी मात्र तोच सोन्याचा. सोबत गॅरेजचं जीएसटीचं बिल, भागांच्या नंबरांसह. अहवालात 'फ्लोअर' किंवा 'मेंबर' असा शब्द नसेल आणि अलाइनमेंट बरोबर आलं असेल, तर सव्वा लाख ही लूट आहे. मी तुझ्या जागी असतो तर तीस-चाळीस हजारांपेक्षा जास्त तोड मानली नसती. पण फ्लोअर ओढलेला निघाला, तर तो व्यापारी फारसा चुकला नाही, हेही ऐकून ठेव. मामा म्हणून मी तुझी बाजू घेईन, सर्वेअर म्हणून नाही.

तोड कशातून करायची, तो मूळ भावही नीट काढ. मलकापूर हा छोटा बाजार आहे, तिथे एकाच माणसाचं बोलणं भाव ठरतं. अकोला, जालना, संभाजीनगर इथल्या तीन-चार ठिकाणी तुझ्याच वर्षाची, तुझ्याच प्रकारची, तेवढ्याच किलोमीटरची न ठोकलेली गाडी काय भावाने जाते ते विचार. मेहकरवरून समृद्धीने जालना-संभाजीनगर आता लांब राहिलेलं नाही. विक्रेता मागतो तो आकडा नको, सौदा मिटला तो आकडा हवा. आणि शक्य असेल तर व्यापाऱ्याला नको, वापरणाऱ्याला विक. व्यापारी आपला नफाही त्या 'ठोकेल'मध्येच बसवतो.

दुसरी बाजू तुझ्या पत्रात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाव उतरला तो तुझ्या चुकीने नाही, पिकअपच्या चुकीने. मग त्याची भरपाई कोणी द्यायची? तुझी स्वतःची विमा कंपनी देणार नाही. आपल्याकडच्या पॉलिसीत स्वतःच्या नुकसानीच्या भागातून घसारा आणि आनुषंगिक नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका खटल्यात सांगितलं की दुरुस्ती चोख झाली तरी अपघाताने बाजारभाव उतरतो आणि ती घटही विमा कंपनीने भरून द्यायची नुकसानी आहे. जर्मनीत चूक ज्याची त्याच्या विम्याकडून ही घट मागणं नेहमीचं आहे. आपल्याकडे एवढं सोपं नाही, पण रस्ता बंदही नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा करता येतो, फक्त जखमी आणि मृतांचाच नाही. हे आपल्या भागात फार थोड्यांना माहीत आहे. लोक पॉलिसीतून मिळालं तेवढं घेतात आणि गप्प बसतात.

तुला काय मिळालेलं नाही, ते बघ. तुझी पॉलिसी झिरो डेप नाही. म्हणून प्लास्टिकच्या बंपरचे निम्मे पैसे कापले गेले, चौथ्या वर्षातल्या लोखंडी भागांचे २५ टक्के गेले, रंगाच्या मालाचे निम्मे गेले. काचेचं काही कापत नाहीत. वर सक्तीची वजावट १,००० रुपये. गाडी गॅरेजमध्ये होती तेवढे दिवस तू भाड्याच्या गाडीने चिखली ते खामगाव ये-जा केलीस. आणि आता हा उतरलेला भाव. यातलं एकही तुझ्या विमा कंपनीने भरलेलं नाही, म्हणून ते पिकअपच्या मालकाकडून आणि त्याच्या विमा कंपनीकडून मागता येतं. जे मिळालं ते मात्र पुन्हा मागायचं नाही. ते वसूल करायचा हक्क तुझ्या कंपनीचा. साधारणतः पिकअपच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. काही मालक प्रीमियम वाचवायला ते सहा हजारांवर आणतात. तसं असेल तर वरचा पैसा मालकाच्या खिशातून यायला हवा, आणि तो काढणं किती अवघड ते तुला सांगायला नको.

भाव उतरल्याचं न्यायाधिकरणापुढे नुसतं म्हणून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. परवानाधारक सर्वेअरकडून स्वतंत्र मूल्यांकन करून घे: अपघाताआधीचा भाव, दुरुस्तीनंतरचा भाव, फरक कशामुळे. त्याला फी पडेल, आणि साक्षीला यायची तयारी आहे का ते आधीच विचार. मी नात्यातला, माझा कागद तिथे चालायचा नाही. कंपनीच्या सर्वेअरने लिहिलं तेच ब्रह्मवाक्य, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ट्रकच्या एका प्रकरणात सांगितलं आहे की सर्वेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही, आणि तो कुणावर बंधनकारकही नाही. हे मी स्वतः सर्वेअर असून लिहितो आहे. तुझ्या स्वतःच्या क्लेममध्ये काही चुकीचं कापलं असेल तर तो वाद वेगळा. त्यासाठी पुण्याचे विमा लोकपाल आहेत, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

तुझं नशीब एवढं चांगलं की समोर पिकअप होता. बोथा घाटात ज्ञानगंगेच्या जंगलातून रोही आडवा येऊन गाडी ठोकली असती, तर दावा कुणावर केला असतास?

गिऱ्हाईक आलं की आधीच सांग: मागून ठोकर बसली, हे बदललं, हे रिपोर्ट, हे अलाइनमेंट. त्याने विचारायची वाट बघू नकोस. 'नॉन-अ‍ॅक्सिडेंटल' असं तोंडी किंवा जाहिरातीत कुठेही म्हणू नकोस. त्याने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर टाकून विचारलं की तुझी सगळी नोंद तिथे निघते, आणि मग खरं असलेलंही कुणी मानत नाही. सौदा झाला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन गाडी आरटीओत त्याच्या नावावर चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस. नाव तुझं राहिलं आणि त्याने कुठे ठोकली, तर न्यायाधिकरण तुलाच मालक धरेल.

आणि एक गोष्ट आजच कर. न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला कायद्याने अपघाताच्या दिवसापासून सहा महिने दिले आहेत. २०२२ च्या एप्रिलपासून ही मुदत लागू आहे. तुझा अपघात आषाढीच्या सुमारास झाला, म्हणजे मुदत संक्रांतीच्या सुमारासच संपते. पोलीस ठाण्यातून पंचनाम्याची आणि तक्रारीची प्रत घे आणि या आठवड्यात चिखलीच्या वकिलांना भेट. गाडी विकायची घाई नाही, अर्जाची आहे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा