सूट कुणाला मिळाली ते आधी बघ

चि. ऋतुजा हिस,


वादविवाद स्पर्धेत ‘सरकारने नागरिकांच्या नीतिमत्तेवर पहारा ठेवावा का’ हा विषय तुझ्या वाट्याला आल्याचं ताईने कळवलं. नुसत्या व्यक्तिस्वातंत्र्याच्या घोषणा देणार असशील तर परीक्षक जांभया देतील. त्यापेक्षा आपल्याच राज्यातलं डान्स बारचं प्रकरण मुळातून वाच.

२००५ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बारवर बंदी आणली. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. बारमध्ये पैसा उधळून घर उघड्यावर आणणारे पुरुष होतेच, आणि बंदीला लोकांचा पाठिंबाही होता. पण कायदा कसा केला ते बघ. मुंबई पोलीस कायद्यात दोन नवी कलमं घातली. ३३-अ ने बारमधला नाच बंद केला; ३३-ब ने तीन तारे व त्यावरची हॉटेलं आणि जिमखाने मोकळे सोडले. नाच तोच, पण गिऱ्हाइकाचा खिसा जड असेल तर त्याने समाज बिघडत नाही!

मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये बंदी रद्द केली. सरकार अपिलात गेलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०१३ मध्ये तोच निकाल कायम केला. सुमारे ७५ हजार स्त्रिया बेकार झाल्याचा आकडा न्यायालयापुढे आला होता, आणि त्यांतल्या कित्येकींवर देहविक्रयाची पाळी आल्याची दखल निकालात आहे. कायदा केला होता तो म्हणे स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी.

पुढे २०१४ मध्ये सरकारने तारांकितांची सूट काढून पुन्हा बंदी आणली, तिला स्थगिती मिळाली. मग २०१६ चा नवा कायदा आला. त्याच्या नियमांत बार शाळा-देवळांपासून एक किलोमीटर दूर हवा, अशी अट होती. मुंबईत अशी जागा शोधून दाखव! जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट आणि बारमध्ये सीसीटीव्ही लावण्याची सक्ती काढून टाकली. नोटा उधळण्यावरची बंदी आणि रात्री साडेअकराची मर्यादा मात्र ठेवली. हा भाग भाषणात गाळू नकोस. काम करणाऱ्या बाईच्या अंगावर नोटा फेकू न देणं आणि तिचं कामच काढून घेणं, या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत.

आणखी एक. र. धों. कर्व्यांनी आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं, तरी कर्व्यांना दंड झालाच.

समोरचे अल्पवयीन मुलांचं शोषण, सक्ती, फसवणूक हे मुद्दे काढतील. तिथे सरकारने हात घातलाच पाहिजे, हे बेलाशक मान्य कर. मग त्यांना विचार, २००५ मध्ये जिमखान्याला सूट का होती?

२०१३ च्या निकालाची प्रत सोबत पाठवतो आहे. लांबलचक आहे, पण स्पर्धेआधी पूर्ण वाच.

तुझा,
मामा