प्रकल्पाची चित्रफीत आणि स्वामित्वहक्क

विद्यार्थ्याने पुस्तकाबाहेर पडून काही पाहावे, शोधावे आणि मांडावे ही अपेक्षा जुनीच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर क्षेत्र-प्रकल्प हा आपल्या पदवी अभ्यासक्रमाचाच भाग झाला आणि वहीची जागा मोबाईलने घेतली. पूर्वी प्रकल्पाची वही विभागाच्या कपाटात जाऊन पडे. आता चित्रफीत त्याच रात्री यूट्यूबवर चढते. वही कपाटात होती तोवर तिच्यात कोणाचे काय उतरवून घेतले आहे याची विचारपूस कोणी करीत नसे. चित्रफितीचे तसे नाही.

प्रश्न नीट समजावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, आपल्यापैकी चौघांनी सामानगडावर चित्रफीत तयार केली. तीत १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावाची हकीकत आहे, तटबंदीची स्वतः घेतलेली दृश्ये आहेत, इंटरनेटवरून उचललेली दोन-तीन छायाचित्रे आहेत, पार्श्वभूमीला तुकोबांचा एक अभंग वाजतो आहे, आणि शेवटी परिसरातील एका आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. यातले कोणते कोणाचे?

उठावाचा इतिहास कोणाच्याच मालकीचा नाही. स्वामित्वहक्क घटनेवर वा कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. तेव्हा चार पुस्तके वाचून हकीकत आपल्या शब्दांत सांगावी, एकाच ग्रंथाची पाने निवेदनात वाचू नयेत. छायाचित्रे मात्र ज्याने काढली त्याची. ती गुगलवर दिसतात म्हणून मोफत आहेत, हा समज आपल्यात फार पक्का आहे. खाली नाव टाकले की भागते, हा त्याचा धाकटा भाऊ.

अभंगाची गंमत वेगळी आहे. तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले, ते सर्वांचे. पण आपण लावलेले ध्वनिमुद्रण लता मंगेशकर यांनी गायिलेल्या ‘अभंग तुकयाचे’ मधले असेल, तर चाल श्रीनिवास खळे यांची आहे. १९५७ च्या कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. खळे २०११ साली गेले; म्हणजे त्या चालीवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क निराळा. याच हिशेबाने साने गुरुजी (मृत्यू १९५०) यांचे ‘श्यामची आई’ २०११ पासून कोणीही वाचून दाखवावे. पण त्यावरील चित्रपटासाठी आचार्य अत्रे यांनी लिहिलेली गीते २०२९ संपेपर्यंत तशी खुली नाहीत. दहा सेकंद चालतात, तीस सेकंद चालतात असे आपण एकमेकांना सांगतो. कायद्यात असा आकडा कोठेही नाही.

मग वर्गात आपण हे सारे वापरतो ते कसे? त्यासाठी कलम ५२ आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा हक्कभंग नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली रामेश्वरी फोटोकॉपी खटल्यात ‘अध्यापन’ या शब्दाचा अर्थ चार भिंतींपुरता न ठेवता व्यापक केला. संस्थेच्या कार्यक्रमात प्रेक्षक म्हणून शिक्षक, विद्यार्थी, पालक व संस्थेशी संबंधित मंडळी एवढीच असतील, तर चित्रपट वा ध्वनिमुद्रण ऐकवण्या-दाखवण्यासही मुभा आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकातील एक निवाडा याबाबत बोलका आहे. शिवराम कारंत यांनी यक्षगानाला दिलेल्या नव्या रूपाचा हक्क त्यांनी मृत्युपत्राने एका व्यक्तीस दिला होता. मणिपालच्या शिक्षणसंस्थेने प्रयोग केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २००९ साली बंदी सर्वस्वी उठविली नाही. परंतु संस्थेने कलम ५२ च्या चौकटीत काटेकोरपणे राहून केलेल्या प्रयोगास ती लागू नाही, असा खुलासा केला. यूट्यूबवर ही चौकटच उरत नाही. तेथे प्रेक्षक कोणीही असतो. (लग्नाच्या वरातीत वाजवलेल्या गाण्याला कायद्याने सूट दिली आहे, प्रकल्पाच्या जाहीर प्रसारणाला नाही; कायदा करणारे वऱ्हाडी असावेत!)

यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा हक्कदार कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी प्रत्येक चित्रफीत ताडून पाहते. जुळले की आवाज बंद होतो, चित्रफीत अडते, किंवा जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात. तिला कलम ५२ ठाऊक नाही. पण मला अधिक बोचते ती दुसरी गोष्ट. अभंगाचे ध्वनिमुद्रण ही यंत्रणा क्षणात पकडील. आजीची ओवी ती कधीच पकडणार नाही.

ओवी परंपरेची आहे, तिचा कर्ता कोणी एक नाही, म्हणून ती घ्यायला हरकत नाही, असे आपण समजतो. ओवीच्या शब्दांपुरते ते बरोबर आहे. परंतु १९९४ च्या दुरुस्तीपासून गाणारालाही आपल्या गायनावर स्वतंत्र हक्क आहे, आणि आज त्याची मुदत पन्नास वर्षांची आहे. केवळ अध्यापन वा संशोधनासाठी तिचे गाणे टिपले तर कायदा आड येत नाही. तेच जगापुढे ठेवायचे तर तिची संमती हवी. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावानिशी आहेत. आपल्या चित्रफितींत मात्र श्रेयनामावलीत संकलकाचे नाव ठळक, मार्गदर्शकांचे त्याहून ठळक, आणि आजी नुसती ‘एक ग्रामस्थ’.

आता चित्रफीत कोणाची? कायद्याच्या भाषेत, जो पुढाकार व जबाबदारी घेऊन ती तयार करतो त्याची. विद्यार्थी हा महाविद्यालयाचा नोकर नसतो. त्यामुळे लेखी करार नसेल तर गुण दिले म्हणून संस्था मालक होत नाही. चौघांचे पुढे पटले नाही तर काय, हे चित्रीकरणापूर्वी एका कागदावर लिहून ठेवणे बरे.

आजीच्या संमतीचा कागदही मराठीत, एक पानी असावा आणि तो तिला वाचून दाखवावा: गाणे कोठे दिसेल, नाव घालायचे की नाही, जाहिरातीचे पैसे आले तर ते कोणाचे. महाविद्यालयापुरती परवानगी आणि जगापुढे ठेवण्याची परवानगी अशा दोन वेगळ्या ओळी ठेवाव्यात. तिने पहिल्याच ओळीवर अंगठा दिला, तर चित्रफीत ग्रंथालयात ठेवावी.